बर्फवाला ड्रायव्हर पाणघोड्याच्या हॉटेलात

आबा चुकीच्या जागी हसले आणि मला कळलं, की त्यांना काहीच ऐकू येत नाही.

आबा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवली, त्यातली निम्मी तरी गगनबावड्याच्या रस्त्यावर. आई गेल्यापासून कोल्हापुरातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहतो. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. लग्नपत्रिका, स्मरणिका, दूध संस्थांचे अहवाल, जे येईल ते. दुपारी जेवायला घरी यायचे तेव्हा आम्ही टीव्हीवर एक परदेशी कार्टून लावायचो. मोठ्या माणसांसाठीचं, विनोदी, हिंदीत बोलणारं. त्यात एक कुटुंब होतं. बाप रस्त्यावरचा बर्फ ढकलायची गाडी चालवायचा, आई घड्याळं दुरुस्त करायची, तीन पोरं होती आणि घरात एक भांडखोर बदक होतं. बाप अख्ख्या भागात चार-पाचच वाक्यं बोलायचा. आबांना तो फार पसंत होता. "ड्रायव्हर माणूस हाय," म्हणायचे. "रस्त्याकडं बघतंय, तोंड बंद ठेवतंय."

त्या दुपारी टीव्हीवर बदक आजारी होतं आणि धाकटी पोर त्याच्या उशाशी बसून रडत होती. मी मात्र मोबाइलवर मैत्रिणीचा मेसेज वाचत होते, आणि तो वाचून हसले. आबा माझ्याकडे बघत होते. मी हसले तसे तेही हसले, मांडीवर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मी टीव्ही बंद केला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले.

"आबा, ऐकू येत न्हाय व्हय?"

"येतंय की."

"मग ती पोरगी आत्ता काय म्हणाली?"

ते भाकरीचा तुकडा मोडत बसले. मी पुन्हा मोठ्यानं विचारलं, तेव्हा म्हणाले, "तू हसतीस तवा हसतो. तू एकटीच हसत बसलीस तर बरं दिसत न्हाय."

कमी ऐकू येतं हे आधीपासून माहीत होतं. कानाचं यंत्रही आणलं होतं. "ह्यात सगळं गावच खरखरतंय," म्हणून त्यांनी ते आठवड्याभरात डबीत घालून कपाटात ठेवलं. पण इतकं गेलंय, हे मला ठाऊक नव्हतं. वर्षभर ते माझ्या तोंडाकडे बघून हसत होते, आणि मला वाटत होतं आम्ही दोघं मिळून कार्टून बघतोय. याच वर्षात त्यांचं स्टँडवर जाऊन जुन्या ड्रायव्हर मंडळींत बसणंही बंद झालं होतं. गुडघा दुखतो म्हणायचे.

त्या मालिकेचे भाग इंटरनेटवर मिळायचे, पण सबटायटल फक्त इंग्रजीत. ते मला वाचता येतं, आबांना नाही. मग मी शिकले. सबटायटलची ओळ कुठल्या सेकंदाला पडद्यावर आणायची, कुठल्या सेकंदाला काढायची, हे कॉम्प्युटरवर करता येतं. पंधरा दिवस सकाळी छापखान्यात जायच्या आधी तासभर बसून मी एका भागाला मराठी ओळी लावल्या आणि आबांना समोर बसवलं.

पहिलीच ओळ आली: "मला असे वाटते की आज मोठी हिमवृष्टी होणार आहे." आबांनी ती खड्या आवाजात वाचली, कारण स्वतःचा आवाजही त्यांना ऐकू येत नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्यो ड्रायव्हर कलेक्टर कधी झाला?"

सगळं पुसून नव्यानं लिहिलं. "आज झोडपतंय बघ बर्फ." हे त्यांना पटलं. आबा प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायचे आणि मग हसायचे. माझ्याकडे न बघता. शेजारच्या काकूंनी एकदा जिन्यात विचारलं, "आबांनी पोथी लावलीय काय गं?"

असले भाग बघणाऱ्या मराठी माणसांचा एक ग्रुप होता. मी माझ्या ओळी तिथं ठेवायला लागले. एका गृहस्थांनी लगेच चूक काढली. घड्याळवाली बाई "मी येतो" म्हणते, बाई आहे तर "येते" हवं. मी लिहिलं, की ती कोल्हापूरची आहे, आमच्यात बायका येतोच म्हणतात, मीही म्हणतो. त्याखाली एका अनोळखी माणसाचा मेसेज आला: "ताई, तुमची घड्याळवाली डिट्टो माझ्या आत्यागत बोलती. एक अक्षर बदलू नका."

तो इचलकरंजीजवळच्या कबनूरचा होता. यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. पस्तिशीचा असेल. तोही सबटायटल लिहायचा, पण दुसऱ्या एका कार्टूनसाठी. त्याच्या कार्टूनमध्ये समुद्रकाठी एक मोडकळीला आलेलं हॉटेल होतं. मॅनेजर पाणघोडा, काउंटरवर बगळा, आणि स्वयंपाकघरात एक आळशी बोका. पाणघोडा इतका बोलायचा, की गिऱ्हाईक खोली न बघताच पळून जायचं. मला ती मालिका कधी फारशी आवडली नव्हती. फार गोंगाट. पण त्याच्या ओळी वाचल्या आणि पाणघोडा मला पहिल्यांदा कळला. तो थेट आमच्याकडच्या लग्नात पंगतीत आग्रह करत फिरणाऱ्या मामासारखा बोलत होता.

हे सगळं तो आईसाठी करायचा. आईला तो अव्वा म्हणायचा, सीमेकडच्या घरांत म्हणतात तसं. तिनं तीस वर्षं मागांच्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरल्या होत्या, त्यात कान गेले. "तुमचं आबा, माझी अव्वा," त्यानं लिहिलं. "एकाच गाडीतलं पॅसेंजर."

मग बातमी आली, की दोन्ही मालिकांचा मिळून एक खास भाग येणार. क्रॉसओव्हर. एकीकडची पात्रं दुसरीकडे पाहुणी जाणार. बर्फवाल्याचं कुटुंब पहिल्यांदाच सुट्टीवर निघतं आणि नेमकं पाणघोड्याच्या हॉटेलात उतरतं.

ग्रुपवर आठवडाभर नुसता कालवा. काहींना हर्ष झाला होता. मी काळजीत पडलेल्यांपैकी होते. आमच्या ड्रायव्हरचं जग जाड रेषांचं, तीन-चार रंगांचं. त्या हॉटेलात सगळं पाण्यात भिजवल्यासारखं, ओघळलेलं. दोन्ही एका चौकटीत दिसणार कसं? त्याहून मोठी भीती वेगळी होती. आमच्याकडचा विनोद गप्प राहण्यात होता, त्यांचा बोलण्यात. तो पाणघोडा आमच्या माणसाला गिळून टाकेल असं वाटत होतं. चाहता असणं म्हणजे अर्धं असलं काळजी करणंच असतं. ज्यांनी ती माणसं घडवली त्यांच्यापेक्षा आपल्यालाच ती जास्त कळतात अशी खात्री असते.

कबनूरच्यानं फोन केला. "ताई, तुमचा ड्रायव्हर आता आमच्याकडं पावणा. सोय आमच्याकडं लागली." ठरलं असं: भाग आला की कुटुंबाच्या ओळी मी लिहायच्या, हॉटेलच्या त्यानं.

भाग आला. मी माझ्या ओळी लिहून पाठवल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोन.

"ताई, तुमच्या ओळी लई लांब हायत."

"लांब म्हंजे? विनोद पुरता यायला नको?"

"अव्वा चौथी शिकलीया. अक्षराला अक्षर जोडून वाचती. तुमची ओळ निम्मी व्हायच्या आत पडद्यावरनं जाती. मग स्टॉपवर गाडी न थांबता गेल्यावानी तिचं तोंड हुतंय."

"म्हणून काय विनोद मारून टाकायचा?"

मग तो हळूच म्हणाला, "ताई, वाचायलाच गावला न्हाय तर कसला इनोद?"

मी फोन ठेवला. राग आला होता. वीस वर्षं दुसऱ्यांच्या ओळी तपासणारी मी, आणि हा मागाच्या तेलातला माणूस मला ओळ शिकवतोय, असं खरंच मनात आलं. ते आज लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात काम कमी होतं. मी माझ्या ओळी कागदावर काढल्या आणि बोट ठेवून, एकेक अक्षर जोडून, चौथी शिकलेल्या बाईसारख्या वाचायला लागले. समोर घड्याळाचा सेकंदकाटा. एकही ओळ वेळेत पुरी झाली नाही. एका ठिकाणी ड्रायव्हर हॉटेलच्या पायऱ्यांवर साचलेली वाळू बघतो, तिथं मी लिहिलं होतं, "आयुष्यभर बर्फ ढकलला, आता सुट्टीवर आलो तर नशिबात वाळू ढकलायचं आलं." मी लाल पेन घेतलं. शेवटी राहिलं: "हितंबी ढकलाच!" आणि ते जास्त हसवणारं होतं. तो माणूस तसंच बोलला असता. मूळ लेखकांनी त्याला चार-पाच वाक्यं दिली होती, आणि मी त्याच्या तोंडी निबंध घालत होते.

संध्याकाळी फोन केला. "दादा, तुमचं बरोबर होतं."

"तसं न्हाय वो ताई," तो ओशाळला. मग म्हणाला, "असं करा, रविवारी आबांना घिऊन या की हिकडं. चौघं मिळून बघू."

आबा आधी नाहीच म्हणाले. त्यांच्याशी बोलायला मी आता घरात एक पाटी ठेवली होती, तिच्यावर लिहून सांगितलं तर म्हणाले, "जाऊन काय करू? बहिऱ्यागत बसून ऱ्हाऊ?" मी लिहिलं, की तिथंही एक आहे तसंच. त्यांनी ते दोनदा वाचलं. रविवारी सकाळी बघते तर इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी घालून तयार. इचलकरंजी गाडीत ड्रायव्हरच्या पाठची सीट धरली आणि हातकणंगल्यापर्यंत त्याच्या गिअरकडे बघत नापसंतीनं मान हलवत राहिले. वर्षभरानं त्यांना गावाबाहेरचा रस्ता दिसत होता.

कबनूरच्या त्या गल्लीत रविवार असूनही दोन-तीन ठिकाणी माग चालू होते. मला पत्ता विचारायलाही ओरडावं लागत होतं. पण समोरासमोरच्या दारांत दोन बायका उभ्या होत्या, एकीच्या हातात निवडायची भाजी, आणि त्या आवाजच न काढता, नुसते ओठ हलवून गप्पा मारत होत्या. मध्येच एक हसली. मला ते गमतीचं वाटलं, पुढं जाऊन विसरले.

घर लहान, स्वच्छ. तो दारातच उभा होता, केसांत कापसाचे तंतू, एवढं बोलणारा माणूस समोर आल्यावर लाजलेला. त्याची आई बारकीशी, चापूनचोपून लुगडं नेसलेली. "या पावणं!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की आबांनाही थोडं ऐकू आलं असावं. "आलो, आलो!" आबाही तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले. मी आणि तिचा मुलगा एकमेकांकडे बघत राहिलो. आता ह्यांनी बोलायचं तरी कसं?

चहा झाल्यावर त्यानं पेनड्राइव्ह लावला. बर्फवाल्याची गाडी समुद्रकाठच्या रस्त्यानं येते, अशी सुरुवात. आणि मला आधी जी धास्ती होती ती पहिल्या मिनिटातच गेली. चितारणाऱ्यांनी कुणालाच बदललं नव्हतं. कुटुंब जाड रेषांतच ठेवलं होतं, हॉटेल ओघळतंच. दोन गावची माणसं जशी आपापल्या कपड्यांत एका मांडवात बसतात, तशी ती एका चौकटीत बसली होती.

पहिली ओळ आली, आबांनी नेहमीसारखी मोठ्यानं वाचली. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून खुणावलं, हळू. परक्याचं घर.

"वाचू दे की!" त्याची आई म्हणाली.

मी चमकून बघितलं. ती टीव्हीकडे अर्धी पाठ करून बसली होती आणि आबांच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या मुलानं भाग थांबवला. तिच्या समोर जाऊन, ओठ नीट हलवत म्हणाला, "अव्वा, टीव्ही हिकडं हाय."

"ठावं हाय मला. पावणं चांगलं सांगत्यात."

मग तिनं आम्हाला समजावलं, जणू आम्हीच मंद होतो. कारखान्यात तीस वर्षं कुणाचाच आवाज कुणाला ऐकू यायचा नाही. सगळ्या बायका ओठांवरनंच बोलायच्या. तिला माणसाचं बोलणं अजूनही कळतं, समोर तोंड असलं तर. "पर कार्टूनची तोंडं खोटी," ती म्हणाली. "नुसती उघड-मीट, उघड-मीट. त्यातनं काय कळणार? म्हणून अक्षरं वाचत बसायचं, तवर चित्र पळतंय. पावण्यांचं तोंड कसं खरं हाय."

तिचा मुलगा खाली बसला. "एवढी वर्सं मी टीव्हीकडंच तोंड करून बसालतो," तो मला म्हणाला. "मीच वाचून दाखवायला पायजे हुतं."

मी हे सगळं आबांना बरोबर आणलेल्या पाटीवर लिहून दाखवलं. आबांनी वाचलं, टोपी काढून बाजूला ठेवली, खुर्ची तिरकी केली, म्हणजे एका डोळ्यानं टीव्ही आणि समोर ती बाई. "लावा," म्हणाले.

त्या दिवशी आबांनी जे वाचलं ते मी विसरणार नाही. पाणघोड्यासाठी गाल फुगवले. बगळ्यासाठी मान लांब केली. बदकाचं भांडण चालू झालं तेव्हा तर उठून उभेच राहिले. ती बाई एकदा चित्राकडे, एकदा आबांकडे बघत, पदर तोंडाला लावून हसत होती. तिचं हसणं बघून आबांना आणखी चेव येत होता. माझ्या छोट्या केलेल्या ओळी त्यांच्या तोंडात अशा बसल्या, की मी शेजारच्या माणसाला हळूच म्हटलं, "दादा, लांब असत्या तर दमले असते."

गोष्ट साधीच होती. ड्रायव्हरला सुट्टीत करमत नाही. तो पहाटे उठून पायऱ्यांवरची वाळू ढकलायला लागतो. पाणघोड्याला तो अपमान वाटतो, पाहुण्यानं काम करायचं म्हणजे काय! दोघं भांडतात. पाणघोडा बोलून बोलून दमतो, ड्रायव्हर गप्प राहून जिंकतो. शेवटी वादळ येतं, सगळं हॉटेल वाळूनं भरतं, आणि दोघांना मिळून फावडं धरावं लागतं. काम झाल्यावर ते पायरीवर बसतात. आणि मग जवळजवळ मिनिटभर कुणी काहीच बोलत नाही. पाणघोडासुद्धा.

त्या मिनिटात आम्हाला लिहायला काही नव्हतं. आबांना वाचायला काही नव्हतं. माग एवढ्यात बंद झाले होते की काय कोण जाणे, पण खोलीत कुणी हललं नाही. चौघांनाही सारखंच ऐकू येत होतं.

"लई भारी," आबा शेवटी म्हणाले. त्याची आई म्हणाली, "व्हय."

त्यानंतर जेवण. आमटी-भात, खर्डा, दही. ताटावर बसल्यावर तिनं आबांच्या समोर पाट ओढून घेतला. "पावणं, माझ्या तोंडाकडं बघा." तिनं आवाज न काढता एक शब्द ओठांवर आणला. "मी काय म्हणालो?"

आबांनी डोळे बारीक केले. "मानी?"

"पाणी!" ती हसली. "पाणी म्हणा, मानी म्हणा, बानी म्हणा, तोंड सगळ्याला सारखंच. मग हुशारी काय करायची? ताटाकडं बघायचं. तांब्या रिकामा हाय म्हंजे पाणीच असणार."

एवढं सगळं अर्थातच मला लिहून द्यावं लागलं. पण आबांच्या डोळ्यांत मी जे बघितलं ते घाटातलं पहिलं वळण नव्या ड्रायव्हरला शिकवतात तेव्हाचं असावं. ते पुढच्या रविवारी एकटेच कबनूरला गेले. त्याच्या पुढच्याही. सहा-सात महिने हे चाललं. ती शिकवायची, ते चुकायचे, ती हातावर चापट मारायची. आबांनी तिला जोडाक्षरं पक्की करून दिली, म्हणजे फुकट शिकले नाहीत ते.

आता ते स्टँडवर जातात. सगळं कळत नाही, निम्मं कळतं, निम्मं अंदाजानं ठोकतात. जुन्या सोबत्यांना वाटत होतं आबांना रिटायर झाल्यावर गर्व झाला, हाक मारली तरी बघत नाहीत. ते आता मुद्दाम समोर येऊन बोलतात. माझ्याशीही घरात बरंच बोलणं होतं, फक्त मला त्यांच्याकडे तोंड करून बोलावं लागतं. पूर्वी मी भाजी चिरता चिरता, पाठमोरीच बोलायचे. किती वर्षं पाठमोरी बोलत होते, कोण जाणे.

ग्रुपवर त्या भागाला बऱ्याच लोकांनी नावं ठेवली. चुकीची नव्हती ती. उत्तरार्ध घाईत गुंडाळला आहे. बोक्याला काही कामच नाही. वादळ सोयीस्कर वेळी येतं. मी चाहती म्हणून हे सगळं मान्य करते. पण कुणी मला विचारलं तर मी तटस्थ राहू शकत नाही, हेही सांगून टाकते. कुठल्यातरी लांबच्या देशात चार लोक टेबलाभोवती बसले आणि म्हणाले, ह्या घरातली माणसं त्या घरात पाठवून बघू. त्यांना वाटलं असेल, गंमत होईल. त्यामुळे कोल्हापूरचा एक म्हातारा इचलकरंजी गाडीत बसला.

मी त्या दोन्ही मालिकांच्या लेखकांना एक पत्र पाठवलं, इंग्रजीत. सगळं लिहिलं, अव्वाबद्दल, ओठांबद्दल, छोट्या ओळींबद्दल. पाठवण्याआधी आबांना समोर बसवून, त्यांच्याकडे तोंड करून मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "माझी बी एक ओळ घाल." मी घातली, आणि तिचं भाषांतर केलं नाही. उत्तर आलेलं नाही, येईल असंही नाही. पत्राच्या तळाशी ती तेवढी मराठीत आहे: "ड्रायव्हरला सुट्टी दिलीसा, लई उपकार झालं."